निनावी बटण

फेन्ना होल्ट्रोप यांचं पत्र ऑगस्टच्या अखेरीस आलं, आणि त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं. राहून गेलं असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. पत्राला उत्तर द्यायलाच हवं यावर आमच्या पेढीत पहिल्या दिवसापासून एकमत होतं. पण ज्यावर एकमत झालं आहे ती गोष्ट आमच्याकडे सहसा लवकर होत नाही.

पेढीचं नाव वाउटरलोट आणि पुतणे. हार्लेम शहराच्या खाली, समुद्राजवळच्या वाळूच्या पट्ट्यात आमची शेतं आहेत, आणि आम्ही फुलांचे कंद टपालाने घरोघर पाठवतो. मी विक्रीच्या सूचीतली वर्णनं लिहितो. ‘फिकट जांभळा, पाकळीच्या कडेला दुधी रेघ’ अशी वाक्यं. ती कोणी वाचतं का, याची मला कधीच खात्री वाटली नाही. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी मी अजून खुर्चीवर आहे, त्याचं कारण माझी वाक्यं नसावीत. माझ्या निरोपसमारंभासाठी सगळ्यांना सोयीची तारीख अद्याप सापडलेली नाही, एवढंच.

होल्ट्रोपबाई वर ग्रोनिंगेनकडच्या एका खेड्यात राहतात. पत्र टाइप केलेलं होतं आणि एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं:

‘मी अंध आहे. कंद मागवायचं काम माझा नवरा वुब्बे करायचा आणि लावायचं मी. फाटकापासून दारापर्यंत वाटेच्या दोन्ही अंगांना हायसिंथ आहेत. एप्रिलमध्ये फाटकाशी उभं राहिलं की घर कुठे आहे ते नाकाला कळतं. पण जुने कंद आता दमले. या वसंतात वास फाटकापर्यंत पोचला नाही, आणि त्याच महिन्यात वुब्बे गेला. शेजारची ग्रीत्ये म्हणते, मी मागवून देते. बाई भली आहे, पण ती रंग बघून मागवणार. मला स्वतःला मागवायचे आहेत. तुमच्या वेबसाइटवर माझं वाचून दाखवणारं यंत्र “चित्र, चित्र, चित्र” म्हणतं आणि शेवटी “बटण” म्हणतं. कसलं बटण ते त्याला माहीत नाही, आणि कोणत्या फुलाला कसला वास ते तुम्हाला माहीत नसावं. एवढं दुरुस्त कराल का? जमीन गोठायच्या आत कंद मातीत गेले पाहिजेत, हे मी तुम्हाला काय सांगायचं! खाली फोन नंबर आहे. मी घरीच असते.’

मी पत्र लिडेवायकडे नेलं. लिडेवाय वाउटरलोट ही संस्थापकांच्या पुतण्याची नात आणि आमची संचालक. ती मनाने खरोखर चांगली आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे ते विसरायला होईल.

“अहो हारमेन, मी स्पष्टच बोलते,” पत्र खाली ठेवून ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “हे पत्र एकट्याने उत्तर देण्यासारखं नाही.”

“मी चार ओळी लिहून—”

“चार ओळी? या बाईंच्या आयुष्याला? नाही हो. यात सगळ्यांना सोबत घ्यायला हवं.”

शिवाय या उन्हाळ्यापासून कायदाही लागू झाला होता. अपंग माणसांनाही वापरता येतील अशाच वेबसाइटी व्यापाऱ्यांनी ठेवायच्या, असा तो साधारण कायदा आहे. तेव्हा सुगम्यता कार्यगट नेमण्यात आला. अंगभूत संकोचामुळे मी कोणत्याच गटात नसतो, पण पत्र माझ्या टेबलावर आलं असल्याने मला घेण्यात आलं.

पहिल्या बैठकीत कॉफी झाली, बिस्किटांचा डबा एकदा फिरला आणि झाकण लागलं. मग वेबसाइट सांभाळणारा रुबेन म्हणाला, “बटणाला नाव द्यायचंय ना? जेवणाच्या सुट्टीआधी देतो. चित्रांचं वर्णन हारमेननी लिहिलेलंच आहे, ते आठवड्याभरात चिकटवतो.”

खोलीत शांतता पसरली. एखाद्याने दुसरं बिस्किट मागितल्यावर पसरते तशी.

“जेवणाआधी?” लिडेवाय म्हणाली. “अरे, मग बाकीच्यांनी मत कधी द्यायचं?”

“मत कशावर? बटणावर डोळ्यांना ‘मागवा’ असं दिसतंच आहे. तेच यंत्राला ऐकू जाईल एवढं करायचं.”

“हे तुझं मत झालं.”

मग इतरांची मतं आली. गोदामाच्या प्रतिनिधीला ‘मागवा’ हा शब्द हुकूम सोडल्यासारखा वाटला. हिशेबखात्याचं म्हणणं, दाबल्यावर पैसे जातात तर ‘पैसे भरा’ म्हणणं जास्त प्रामाणिक. बाग नसलेल्या माणसाला ‘मागवा’ ऐकून काय वाटेल, याचा विचार कोणी केला आहे का, असंही एकाने विचारलं. कोणी केला नव्हता. मला वाटत होतं की ‘मागवा’ चांगला आहे. पण इतकी वर्षं शब्दांत घालवलेल्या माणसाला जे चटकन पटतं ते बहुधा चूक असतं, म्हणून मी गप्प बसलो. शेवटी असं ठरलं की आधी तत्त्व ठरावं, आणि तत्त्व ठरेपर्यंत बटणाला कोणी हात लावू नये.

तत्त्वासाठी बास्तियान आला. तो सल्लागार होता, समावेशक अनुभवांचा मार्गदर्शक. घडीची सायकल काखोटीला मारून तो बैठकीच्या खोलीत शिरला आणि ती तशीच दारात उभी करून ठेवली, त्यामुळे दिवसभर सगळे तिला ओलांडून जात होते.

“गेल्या वर्षी किती अंध ग्राहकांनी तुमच्या वेबसाइटवरून खरेदी केली?” त्याने विचारलं.

“एकानेही नाही,” रुबेन म्हणाला.

“म्हणजे मागणी नाही.”

“मागताच येत नाही म्हणून नाही.”

“ते कारण झालं,” बास्तियान शांतपणे म्हणाला. “मी आकडा विचारला होता.” त्याने आकडा लिहून घेतला. “आणि मागणी नसतानाही तुम्ही हे करताय, यातच तुमचा मोठेपणा आहे.”

हे सगळ्यांना पटलं. लिडेवायने पुन्हा डोळे टिपले.

बास्तियानच्या सल्ल्याने सप्टेंबरात अनुभवदिन झाला. सगळ्यांनी डोळ्यांवर नारिंगी पट्ट्या बांधून कंपनीत वावरायचं. गोदामाचा प्रतिनिधी बास्तियानच्या सायकलवर पडला. लिडेवायने कॉफी ओतली, ती माझ्या बाहीत गेली. पट्ट्या सोडल्यावर प्रत्येकाने एका शब्दात भावना सांगितली. बहुतेकांनी ‘कृतज्ञ’ हा शब्द निवडला. पट्टी सोडता आली म्हणून ते कृतज्ञ होते. रुबेन एवढंच म्हणाला, “आपण पट्टी बांधून आपली वेबसाइट उघडून का नाही पाहिली?” त्यावर बास्तियानने समजावलं, की आजचा दिवस भावनांचा होता.

या दिवसाचे फोटो वेबसाइटच्या पहिल्याच पानावर ‘आम्हाला कळतं’ या शीर्षकाखाली टाकण्यात आले. होल्ट्रोपबाईंच्या यंत्राने ते कसे वाचले असतील याचा अंदाज आहे. चित्र, चित्र, चित्र.

पुढच्या बैठकीत शेवटी प्रत्येकाने एकेक प्रश्न विचारायची पाळी आली तेव्हा रुबेन म्हणाला, “माझा प्रश्न असा, की त्या बाईंना फोन का करत नाही? नंबर दिलाय.”

“असा? एकदम?” लिडेवाय म्हणाली.

“एकदमच करतात फोन.”

“रुबेन, तू तुझ्या सख्ख्या आईला तरी आधी वेळ न ठरवता फोन करतोस का?”

रुबेनने प्रामाणिकपणे विचार केला. “नाही,” तो म्हणाला. “पण ती तशीच आहे.”

“सगळेच तसे असतात. अनोळखी बाई, नवरा गेलेला, आणि आपण मधेच फोन खणखणवायचा? ती काय करत असेल, कुठे असेल—”

“घरीच असते असं लिहिलंय.”

“हा तिच्या सौजन्याचा भाग झाला. आपण त्याचा फायदा घ्यायचा नाही.”

तेव्हा आधी रीतसर वेळ ठरवायची आणि मग फोन करायचा, असं एकमताने मंजूर झालं. फोनच्या वेळा ग्राहकाने स्वतःच वेबसाइटवरच्या दिनदर्शिकेतून निवडायच्या असतात, म्हणजे त्याच्यावर आपली वेळ लादली जात नाही. दिनदर्शिकेच्या खाली एक बटण आहे. त्यालाही नाव नव्हतं. ते देता आलं असतं, पण तत्त्व अजून ठरायचं होतं.

मला मनातून हायसं वाटलं, कारण फोन बहुधा मलाच करावा लागला असता. दंतवैद्याच्या मदतनीस बाईंशी बोलायचं असलं तरी मी वाक्यं आधी कागदावर लिहून काढतो.

ऑक्टोबर लागला. शेतं रिकामी झाली, गोदामात कंदांचे लाकडी ट्रे छताला भिडले. कायद्याची आठवण करून देणारं परिपत्रक आलं. तेव्हा बास्तियानने एक तयार सहायक विकत घ्यायला लावला. हा सहायक म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात तरंगणारं चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र. ते दाबलं की अक्षरं मोठी होत, पिवळी होत, आणि एक बाई पान मोठ्याने वाचून दाखवायला लागे. अंध माणसाला ते चित्र दिसणार नाही, हे लक्षात घेऊन ते न दाबताही आपोआप सुरू होईल अशी सोय केली. पूर्वी एकच आवाज होता, आता दोन झाले: होल्ट्रोपबाईंचं यंत्र आणि आमची सहायक बाई, दोघंही एकाच वेळी बोलणार. शिवाय निळं चित्र नेमकं त्या शेवटच्या बटणावर येऊन बसलं होतं, त्यामुळे आता डोळसांनाही कंद मागवता येईनात.

“हे बघा,” बास्तियान म्हणाला, “यालाच समानता म्हणतात.”

तक्रारींसाठी वेबसाइटवर अर्ज ठेवला होता. पण अर्ज माणूसच भरतो आहे, यंत्र नाही, याची खातरजमा हवी. म्हणून आधी नऊ चित्रं येत आणि त्यांतली सायकल असलेली सगळी निवडायला सांगत. चित्रं आपल्याच, माणसांपेक्षा सायकली जास्त असलेल्या देशातली होती. तेव्हा नऊच्या नऊ चित्रांत कुठे ना कुठे सायकल होतीच, एकात तर कालव्याच्या तळाशी होती. ती हमखास राहून जायची, म्हणून कोणालाच माणूस असल्याचं सिद्ध करता आलं नाही. ऑक्टोबरात तक्रारींची संख्या शून्यावर आली, आणि अहवालात तिचा स्वतंत्र आलेख देण्यात आला.

एक तक्रार मात्र आली, टपालाने. महिना सरत आला होता.

‘आता तुमच्याकडे दोन बायका एकमेकींशी भांडतात. मी त्यांच्यात पडले नाही. ग्रीत्ये म्हणते तिच्याकडे लाल ट्यूलिप जास्तीचे आहेत, रविवारी येऊन लावून देते, फार सुरेख दिसतील. ट्यूलिपला वास नसतो, हे तुम्हाला माहीत असेल अशी आशा आहे. मी तिला पुढच्या रविवारपर्यंत थांबवलं आहे. माती अजून मऊ आहे. रोज सकाळी बोट घालून बघते.’

मी हे पत्र कार्यगटासमोर वाचून दाखवलं. वाचताना माझा आवाज अडखळला. तो नेहमीच अडखळतो, पण लोकांनी त्याचा अर्थ वेगळा घेतला.

“या बाईंना आपण सोडणार नाही आहोत,” लिडेवाय म्हणाली. तिने लगेच दोन ठराव मांडले. एक, होल्ट्रोपबाईंना सन्मानाने बोलवायचं. दोन, त्यांच्या पत्राला उत्तर मंजूर करायचं.

बोलावण्याचं निमित्त तयार होतं. जिल्ह्याच्या व्यापारी मंडळाने सुगम्यतेसाठी ठेवलेलं ‘उघडं दार’ हे मानचिन्ह आम्हाला जाहीर झालं होतं. अनुभवदिनाच्या फोटोंनी परीक्षक भारावून गेले होते. समारंभ जुन्या पवनचक्कीत, वरच्या मजल्यावर होता. वर जायला जिना होता, पण तो शिडीचा सख्खा भाऊ. दोरीला धरून, अंग चोरून चढावं लागलं. चाकाच्या खुर्चीवरून फिरणारे एक गृहस्थ खालीच थांबले आणि त्यांच्यासाठी टाळ्यांचा आवाज ऐकू जावा म्हणून वरची झडप उघडी ठेवण्यात आली. होल्ट्रोपबाई आल्या नाहीत. त्यांना निमंत्रण ईमेलने गेलं होतं. सुंदर रंगवलेलं, एक अखंड चित्र. त्यांच्यासाठी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीवर लिडेवायने फुलांचा गुच्छ ठेवला. हंगाम नसतानाही तिने खटपट करून लाल ट्यूलिप मिळवले होते.

बुधवारी उत्तर मंजूर झालं. तत्त्वही त्याच दिवशी ठरलं: कोणीही मागे राहता कामा नये. बटणाचं नाव मात्र पुढच्या वर्षीच्या विषयपत्रिकेवर गेलं, कारण घाईत दिलेलं नाव म्हणजे माणसाला गृहीत धरणं. उत्तराचा कागद जाड आणि खरखरीत होता, ‘स्पर्शाचा विचार करून’ निवडलेला. त्यावर फिकट करड्या, बारीक, सडपातळ अक्षरांत मजकूर होता. भाषा माझी नव्हती. ‘तुमच्या प्रवासात आम्ही सहप्रवासी आहोत’ असं एक वाक्य होतं. तळाला एक काळं-पांढरं चौकोनी नक्षीचं चित्र होतं आणि बाजूला लिहिलं होतं, की हे पत्र ऐकायचं असल्यास कृपया या चित्रावर मोबाईल धरावा.

“हारमेन, एवढं टपालात टाकाल?” लिडेवाय म्हणाली. “सुरुवात तुमच्यापासून झाली, शेवटही तुमच्या हातून व्हावा.”

मी पाकीट कोटाच्या खिशात ठेवलं आणि गोदामात गेलो. कशासाठी ते मला स्वतःला नीट ठाऊक नव्हतं. आमची सूची काढून हायसिंथांची पानं उलटत बसलो. फिकट जांभळा. गर्द निळा. मोतिया. शिंपल्याच्या आतल्या भागासारखा गुलाबी; हे वाक्य मला एकेकाळी फार आवडलं होतं. सगळ्या पानांत मिळून वास कुठेच नव्हता. पत्रातलं ‘तुम्हाला माहीत नसावं’ हे वाक्य वाचून मला थोडा राग आला होता, तो तिथे निवळला.

रुबेन मागून आला. “काय शोधताय?”

“याचा वास कसा असतो रे?” मी एका ट्रेकडे बोट दाखवलं.

“आत्ता? आत्ता कांद्याचा वास येणार.”

“एप्रिलमध्ये.”

तो डोकं खाजवत उभा राहिला. “माझ्या आजीच्या कपाटासारखा,” तो शेवटी म्हणाला. “आणि तो पलीकडचा डोकं दुखवतो. तो दाराजवळ लावू नये.”

“हे तू बैठकीत का बोलला नाहीस?”

“विषयपत्रिकेवर नव्हतं.”

त्याने मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. “बोला.” मी म्हणालो, माझा आवाज चांगला नाही. तो म्हणाला, “तिथे आधीच दोन बायका बोलतायत. तुमचा आवाज त्याहून वाईट नक्कीच नाही.”

मी बोललो. आधी क्षमा मागितली. मग ही सगळी हकीकत सांगितली, ऑगस्टपासूनची, साधारण इथे लिहिली आहे तशीच. मग वास सांगितले. पहिला लवंग घातलेल्या पावाचा, थंडीत दार उघडल्यावर येतो तसा. दुसरा साबणाने धुऊन उन्हात वाळलेल्या चादरीचा. तिसरा मधाचा, मागून जरा मिरी; हा लांब जातो, तेव्हा फाटकाशी हाच लावावा. ज्यांच्याबद्दल मला खात्री नव्हती तिथे मी खात्री नाही असं सांगितलं, आणि असे बरेच होते. कोणता किती लावावा ते होल्ट्रोपबाईंनी ठरवायचं, म्हणून तिन्ही जातींचे भरपूर कंद पिशव्यांत भरले. पिशव्यांच्या दोऱ्यांना पहिल्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, आणि तसं आवाजातही सांगितलं. शेवटी माझा घरचा फोन नंबर दिला. आधी वेळ ठरवायची गरज नाही, असंही म्हणालो, आणि ते ऐकून मलाच घाम फुटला. रुबेनने ते सगळं बटण दाबलं की बोलणाऱ्या एका छोट्या यंत्रात भरलं. त्या यंत्राला एकच बटण होतं. त्याला नाव द्यायची गरज पडली नाही.

टपालाची खिडकी आता तंबाखूच्या दुकानात असते. तिथल्या बाईंनी यंत्र आणि पिशव्या भरलेलं खोकं वजनाला लावलं.

“आत काय आहे?”

“उत्तर,” मी म्हणालो.

“बरंच जड आहे की! नाजूक आहे का?”

“गोठायला नको.”

“रविवारच्या आत पोचेल,” त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. बाहेर कालव्याच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रासुद्धा नव्हता. दुसरं पाकीट, जाड कागदाचं, अजून माझ्या खिशात आहे. बोट फिरवायला खरोखर छान लागतं.

ता. क. डोळस वाचकांसाठी. मूळ उत्तर आवाजात आणि कंदांत आहे. डोळस व्यक्तीही मागे राहू नयेत म्हणून हे छापील रूप नंतर तयार केलं आहे. त्यात वास, गाठी आणि माझा अडखळणारा आवाज देता आलेला नाही, याची मला नम्र जाणीव आहे. आपल्या अडचणी समजून घेता याव्यात म्हणून मी काल दुपारभर डोळे उघडे ठेवून आणि दिवा लावून बसलो होतो. मला कृतज्ञ वाटलं. फक्त डोळ्यांनी वाचणाऱ्या एकाही व्यक्तीने या रूपाविषयी आजवर तक्रार केलेली नाही, त्याअर्थी आपली सोय पुरेशी झाली आहे असं धरून चालतो. तरीही काही म्हणायचं असल्यास अर्ज ठेवलेला आहे. आधी तेवढ्या सायकली निवडा.